इटालियन फॉर बिगिनर्स (डेन्मार्क, २०००): प्रेमकथा म्हणून तुम्हाला कसा वाटला?

पारिजातक
लोन शेरफिगचा 'इटालियन फॉर बिगिनर्स' परवा पुन्हा पाहिला आणि राहवेना म्हणून धागा काढतेय. पुढे कथानक उघड होईल, ज्यांना आधी सिनेमा पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

कोपनहेगनच्या कडेचं ह्विडोव्रे हे उपनगर, थंडीचे दिवस. आंद्रेआस हा तरुण पाद्री बदली म्हणून आलाय, त्याची बायको नुकतीच वारलीय. हॉटेलात काम करणारा यॉर्गन चाळिशीकडे झुकलेला, बायकांशी बोलायची धास्ती घेतलेला. त्याचा मित्र हालफिन स्टेडियमचं रेस्टॉरंट चालवतो आणि गिऱ्हाइकांच्या अंगावर धावून जातो. कारेन केस कापते, तिची आई दारूच्या आहारी गेलेली. ओलिंपिया बेकरीत कामाला, तिच्या हातून सतत काहीतरी पडतं, घरी खाष्ट बाप. आणि जूलिया, रेस्टॉरंटमधली इटालियन मुलगी. ही सगळी माणसं नगरपालिकेच्या संध्याकाळच्या इटालियन वर्गात एकत्र येतात. वर्ग चालू असतानाच मास्तर हृदयविकाराने जातात आणि शिकवायची जबाबदारी कुणी घ्यावी, तर हालफिनने!

हा डॉग्मा चळवळीतला बारावा सिनेमा. वेगळे दिवे नाहीत, सेट नाही, मागाहून चढवलेलं पार्श्वसंगीत नाही. माझं म्हणणं असं की या प्रेमकथेवर विश्वास बसतो तो याच कंगालपणामुळे. व्हायोलिन वाजलं की प्रेक्षकाला कळतं, आता हळवं व्हायचं. इथे ती सोय नाही. यॉर्गन जूलियाकडे पाहतो आणि नुसता गप्प उभा राहतो. ती शांतता आपल्यालाच सोसावी लागते.

प्रश्न असा: प्रेमकथा म्हणून तो तुम्हाला भिडला का? की थोडक्या पैशात केलेला प्रयोग म्हणून आपण त्याला वाढीव मार्क देतोय?

अबोली
जिव्हाळ्याचा सिनेमा! सविस्तर लिहिते रात्री, जागा राखून ठेवा.

तिखटमीठ
मी अर्ध्यात सोडला. एक तर कॅमेरा इतका हलतो की डोकं धरलं. दुसरं म्हणजे रोमँटिक कॉमेडी म्हणून बसावं आणि पहिल्या तासातच मास्तर गेले, कुणाचा बाप गेला, कुणाची आई मरणपंथाला लागली, पाद्रीबाबांची बायको तर आधीच गेलेली. याला कॉमेडी कोण म्हणतं? सिनेमात लग्नं कमी आणि अंत्यविधी जास्त.

वाढीव मार्कांचं म्हणाल तर हो, देतोच आपण. हाच सिनेमा दिवे लावून, स्थिर कॅमेऱ्याने केला असता तर दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या शंभरातला एक झाला असता.

सातारकर
डॉग्मा म्हणजे काय, कुणी सांगेल का? सिनेमा पाहिलेला नाही, पण धागा रंगणार असं दिसतंय.

आडवाटेचा
@सातारकर, १९९५ च्या मार्चमध्ये लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस विंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकांनी दहा नियमांचा जाहीरनामा काढला. सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून पॅरिसमध्ये परिसंवाद होता, तिथे फॉन ट्रिअरने त्याची लाल पत्रकं प्रेक्षकांत उधळली. नियम थोडक्यात असे: खऱ्या जागी शूटिंग करायचं आणि तिथे बाहेरून सामान आणायचं नाही. आवाज चित्राबरोबरच घ्यायचा. कॅमेरा हातात धरायचा. सिनेमा रंगीत हवा, पण खास प्रकाशयोजना नको. फिल्टर नको, खूनबाजी नको. गोष्ट इथली आणि आत्ताचीच हवी. दिग्दर्शकाचं नाव श्रेयनामावलीत नको. आणि एक महत्त्वाचा नियम म्हणजे ठरावीक साच्याचे, म्हणजे थरारपट, प्रेमपट वगैरे लेबलं लावता येतील असे सिनेमे चालणार नाहीत.

आता पारिजातक यांना माझा प्रश्न. साचाच चालणार नसेल तर तीन जोड्या जमवून शेवट गोड करणाऱ्या या सिनेमाला डॉग्माचं प्रमाणपत्र मिळालंच कसं? मला तो आवडतो, पण नियमाला धरून तो बसत नाही असं माझं ठाम मत आहे.

पारिजातक
@आडवाटेचा, मला वाटतं साचा आधी ठरवून माणसं त्यात कोंबली असती तर नियम मोडला असता. इथे एकटी पडलेली माणसं आधी येतात, जोड्या नंतर जमतात. आंद्रेआस आणि ओलिंपिया एकत्र येतील असं पहिल्या अर्ध्या तासात कुणाच्या मनातही येत नाही.

@तिखटमीठ, शेवटपर्यंत पाहा हो! अर्ध्यावरचं मत मी अर्धंच धरणार.

तिखटमीठ
@पारिजातक, धरा अर्धं. हरकत नाही. :)

कॅमेरावाला
धंद्याने व्हिडिओवाला आहे. लग्नं शूट करतो, अधूनमधून संस्थांसाठी माहितीपट करतो. त्यामुळे कॅमेऱ्याचं बोलतो.

हा सिनेमा डिजिटल व्हिडिओवर शूट करून मग ३५ मिमी फिल्मवर उतरवलेला आहे. मूळ जाहीरनाम्यात ३५ मिमीची अट होती, पण ती प्रदर्शनाच्या प्रतीपुरती आहे असा अर्थ लावला गेला. १९९८ साली आलेला पहिला डॉग्मा सिनेमा 'फेस्टन'सुद्धा हातात मावणाऱ्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावरच केलेला होता. त्या काळच्या व्हिडिओला अंधार झेपत नसे. उजेड कमी पडला की चित्रात कण दिसायला लागायचे, रंग मळकट व्हायचे आणि खिडकीपाशी उभ्या माणसाचा चेहरा काळा पडायचा. मग तुम्ही काय करणार? माणसाला उजेडाकडे न्यायचं आणि आपण त्याच्या जवळ जायचं. या सिनेमात चेहरे इतके जवळून दिसतात त्याला हेही एक कारण आहे. कारेनच्या सलूनमधले प्रसंग नीट बघा. कोपऱ्यात अंधार नाही, छायाप्रकाशाचा खेळ नाही, सगळीकडे सपाट पांढरा उजेड. ओठाच्या कडेची सुरकुतीही लपत नाही. आमच्याकडे कुठल्याही नवरीने असा व्हिडिओ परत पाठवला असता!

आवाजाबद्दल फार कुणी बोलत नाही. चित्राबरोबरच आवाज घ्यायचा म्हटलं की संपादकाचे हात बांधले जातात. एका टेकमधला चेहरा आणि दुसऱ्या टेकमधलं वाक्य अशी जोडाजोड सहज होत नाही. त्यामुळे नटांना अख्खा प्रसंग सलग पेलावा लागतो आणि तो तसा पेललाय म्हणूनच सिनेमा उभा राहतो. यॉर्गन झालेला पीटर गांट्झलर आणि कारेन झालेली आन एलेओनोरा यॉर्गेन्सन यांना माझा सलाम.

@तिखटमीठ, कॅमेरा हलतो हे खरं आहे. पण तो वाक्याबरोबर हलतो, बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे वळतो. चांगला ऐकणारा माणूस तेच करतो.

सातारकर
वा! आता बघावाच लागेल.

उत्तरध्रुव
कोपनहेगनमध्ये राहतो, म्हणून इथलं थोडं सांगतो.

तो संध्याकाळचा वर्ग ही डॅनिश माणसाच्या आयुष्यातली अगदी रोजची गोष्ट आहे. त्याला 'आफ्टनस्कोले' म्हणतात. नगरपालिका अनुदान देते, फी परवडते, आणि भाषेपासून शिवणकामापर्यंत काहीही शिकता येतं. परीक्षा नाही, प्रमाणपत्राची धडपड नाही. मोठ्या माणसांनी एकत्र बसून शिकावं हा विचार इथे एकोणिसाव्या शतकातल्या ग्रुंडविग या पाद्री-विचारवंतापासून रुजलेला आहे. आणि डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. ऑफिसमधून बाहेर पडावं तर रात्र. अशा वेळी आठवड्यातून एकदा उजेडाच्या खोलीत दहा माणसं भेटतात, याचं मोल इथला एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. तो सिनेमाही इथे डिसेंबरातच लागला होता.

चर्चचंही तसंच. त्या काळी पाचातल्या चारांहून अधिक लोक राष्ट्रीय चर्चचे सदस्य होते, त्यासाठी वेगळा करही भरत होते. पण रविवारी बाकं रिकामी. लोक चर्चमध्ये येतात ते नामकरणाला, लग्नाला आणि शेवटच्या निरोपाला. म्हणून आंद्रेआससमोर सारखे अंत्यविधी येतात त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. पाद्र्याचं काम बरंचसं तेच आहे. त्याच्या आधीचे पाद्रीबाबा, बायको गेल्यापासून कडवट झालेले व्रेडमन, नव्या माणसाच्या कामात नाक खुपसत राहतात, ते पाहताना माझ्या इथल्या शेजाऱ्यांना फार हसू येतं.

सिनेमा बनवणाऱ्या झेंट्रोपा कंपनीचे स्टुडिओ ह्विडोव्रेतच, जुन्या लष्करी बराकींत आहेत. म्हणजे गोष्ट त्यांच्या दारातच घडते. कमी खर्चाचं एक गुपित हेही असावं.

आडवाटेचा
@उत्तरध्रुव, फार छान माहिती. आकड्यात सांगायचं तर डेन्मार्कची लोकसंख्या तेव्हा ५३ लाखांच्या घरात, आणि या सिनेमाची तिथे आठ लाखांच्या आसपास तिकिटं खपली. दर सहा-सात माणसांमागे एक! वर २००१ च्या बर्लिन महोत्सवात ज्युरी पारितोषिकाचं रौप्य अस्वल. त्यामुळे महोत्सवातल्या चार जाणकारांचा सिनेमा असं म्हणून त्याला बाजूला सारता येत नाही.

वाचनवेडी
कौतुक चाललंय त्यात मला एक बोच मांडायची आहे.

मेव्ह बिंची या आयरिश लेखिकेची 'इव्हनिंग क्लास' ही कादंबरी १९९६ ची. डब्लिनमधल्या एका शाळेत संध्याकाळी चालणारा इटालियनचा वर्ग, त्यात आपापली दुःखं घेऊन आलेली माणसं आणि शेवटी सगळ्यांची इटलीची सहल. ओळखीचं वाटतंय ना? सिनेमात बिंचीचं नाव कुठेही नाही. झेंट्रोपाने तिला पैसे देऊन प्रकरण मिटवलं आणि ते लोकांसमोर आलं थेट २०१० मध्ये.

मला बिंची मनापासून आवडते. तिची माणसं अशीच साधी असतात, त्यांच्यावर ती कधी दात धरत नाही. सिनेमातली जी ऊब सगळ्यांना भावते, तिचा मोठा वाटा तिचा आहे. तो तेव्हाच मान्य व्हायला हवा होता. दिग्दर्शकाचं नाव गाळायचा नियम पाळता आणि लेखिकेचंही नाव गळतं, हे मला फार लागलं.

अबोली
@वाचनवेडी, हे मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं वाचून.

तिखटमीठ
+१ वाचनवेडी. घेतलं तर सांगावं. पैशाने प्रकरण मिटतं, श्रेयाचा हिशेब राहतोच.

आडवाटेचा
श्रेय द्यायलाच हवं होतं, दुमत नाही. पण दोन्ही वाचून-पाहून मला असं दिसतं की उसना घेतलाय तो सांगाडा. कादंबरीत वर्गाला शिकवणारी सिन्योरा हा सगळ्याचा कणा आहे. सिनेमात शिकवणारा माणूस सुरुवातीलाच मरतो आणि कणाच काढून घेतला जातो. पुढची धडपड आहे ती त्या रिकाम्या खुर्चीची. कारेन-हालफिनचं सलून, पाद्र्याचं रिकामं चर्च हे शेरफिगचं स्वतःचं आहे.

वाचनवेडी
सांगाडा उसना घेऊन त्यावर स्वतःचं मांस चढवणं ही जुनी, मान्य रीत आहे. तक्रार तिच्यावर नाहीच. तक्रार आहे ती दहा वर्षांच्या गप्प बसण्यावर.

आडवाटेचा
भावना पोचल्या आणि पटल्या.

अबोली
काल लिहीन म्हटलं होतं, आज जमतंय.

कारेन आणि तिची आई. हा भाग मला दर वेळी हलवून जातो. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांना तो वेगळ्याने कळेल. माझ्या सासूबाई शेवटचं वर्षभर अंथरुणावर होत्या. त्यांचा स्वभाव आधीपासून कडक, आजारात तो धारदार झाला. मी शाळेत शिकवते, वर्गात असताना फोन थरथरला की फळ्यावरचा हात तसाच थांबायचा.

कारेन हालफिनचे केस कापायला घेते. मान मागे टेकवून तो बेसिनवर पडलेला, तिची बोटं त्याच्या ओल्या केसांत. हा एरवी जगावर खेकसणारा माणूस डोळे मिटून मुकाट पडलाय. दोघं बोलत नाहीत, पण तिच्या हातांची गती मंदावते आणि काहीतरी सुरू झालंय हे आपल्याला कळतं. तेवढ्यात आई दारात उभी राहते, किंवा हॉस्पिटलचा फोन येतो. केस अर्धवट, प्रेम अर्धवट. पुन्हा तो येतो, पुन्हा तेच. लोक थिएटरात हसतात, मीही हसले. पण आजारी माणसाच्या घरात प्रत्येक सुखाला नेमकी अशीच हाक येते. ती बाई आईवर चिडते, तिला दूर लोटू पाहते, आणि तरी उशाशी जाऊन बसते. तिला देवी केलेलं नाही, दुष्टही केलेलं नाही. मला हे फार मोठं वाटतं.

म्हणून @तिखटमीठ, मरणं जास्त आहेत हे खरं, पण चाळिशीच्या माणसांची प्रेमकथा मरणं वगळून कशी सांगणार? त्या वयात आईबापांचं आजारपण आणि स्वतःचं मन एकाच वेळी सांभाळायचं असतं.

पारिजातक
अबोली, किती मनापासून लिहिलंस. त्या बेसिनच्या प्रसंगासाठी मी हा सिनेमा कितीही वेळा पाहीन.

पिंपळपान
ओलिंपियाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? अनेट स्ट्योवेलबेकने काय काम केलंय! तिच्या हातून पाव पडतात, ट्रे पडतो, आणि प्रत्येक वेळी ती आधी समोरच्याचा चेहरा बघते, ओरडा कधी बसतोय याची वाट पाहत. घरी बाप दिवसभर टोचून बोलतो आणि ती त्याचं सगळं करत राहते. एवढ्याशा नजरेतून तिचं अख्खं बालपण कळतं. इथे विनोद तिच्या धांदरटपणावर आहे असं वरवर वाटतं, पण दिग्दर्शिकेने तिला हसण्यावारी नेलेलं नाही. आंद्रेआस तिच्याशी पहिल्यापासून आदराने बोलतो, तिथेच मला तो आवडला.

सातारकर
शनिवारी बायकोबरोबर पाहिला. दोघांनाही आवडला. हालफिनचे केस एकदाचे पूर्ण कापून होतात की नाही या काळजीने मी शेवटपर्यंत हललो नाही. उत्तर इथे कुणी लिहू नका, लोकांना बघू द्या!

अवांतर: लग्नाआधी पुण्यात संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जायचो. सुरुवातीला खोली भरलेली, दिवाळीनंतर मोजकी टाळकी उरली. पण त्या उरलेल्यांची मैत्री अजून टिकून आहे, जर्मन मात्र कुणालाच येत नाही.

उत्तरध्रुव
@सातारकर, इथल्या वर्गांतही अगदी हेच! मी डॅनिश शिकायला गेलो तेव्हा शेजारच्या खोलीत साठीच्या बायका स्पॅनिश शिकत होत्या. मध्यंतरात कॉफी आणि केक त्यांच्याकडूनच मिळायचा.

कॅमेरावाला
व्हेनिसबद्दल कुणाचं काय मत? ओलिंपियाला बापाचा वारसा मिळतो, ती त्या पैशातून सगळ्या वर्गाला व्हेनिसला नेते. मला तिथे सिनेमा थोडा सैल झाल्यासारखा वाटतो. व्हेनिस आधीच इतकं देखणं, की कॅमेऱ्याला तिथे काही शोधावं लागत नाही. ह्विडोव्रेत तो प्रत्येक चेहऱ्यासाठी झगडत होता.

पिंपळपान
असहमत. इतका वेळ करड्या उजेडात कोंडल्यावर ते पाणी आणि मोकळं आभाळ हवंच होतं मला. शिवाय पर्यटकांचं व्हेनिस फार दाखवलेलंच नाही. ही मंडळी तिथेही जरा बावरलेलीच असतात.

तिखटमीठ
पारिजातक आणि अबोली यांच्या आग्रहावरून उरलेला भाग काल रात्री पाहिला. घरी लॅपटॉपवर, त्यामुळे कॅमेऱ्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. मोठ्या पडद्यावर अजूनही सहन होईल असं वाटत नाही.

माझा आक्षेप आता वेगळा आहे. कारेन आणि ओलिंपिया बहिणी निघतात, हे मला अजिबात पचलं नाही. लहानपणी ताटातूट झालेल्या बहिणी आईच्या मृत्यूनंतर भेटतात! आपल्या हिंदी सिनेमांनी हे केलं की आपण हसतो, डेन्मार्कने केलं की कसं चालतं? सगळ्या नियमांचा काटेकोरपणा आणि कथेत एवढा मोठा योगायोग.

पण यॉर्गनने मला जिंकलं. बायकांसमोर आपण कमी पडू या भीतीने इतकी वर्षं मागे राहिलेला माणूस. हालफिनला कामावरून काढून टाक असं त्याला वरून सांगतात, आणि हा आपल्या मित्राला ते सांगायला जातो पण शब्द तोंडातून बाहेर पडत नाहीत. ते अवघडलेपण मी नोकरीत पाहिलेलं आहे. अशा माणसाने व्हेनिसमध्ये जाऊन मनातलं बोलावं, याला धीर लागतो. तेव्हा मी उठून बसलो.

पारिजातक
@तिखटमीठ, मनापासून आभार, पूर्ण पाहून लिहिलंत म्हणून. बहिणींच्या योगायोगाला माझ्याकडेही उत्तर नाही. तो प्रसंग वाचतो तो दोघींच्या कामामुळे. गळ्यात पडून रडणं नाही, दोघी आधी नुसत्या एकमेकींकडे पाहत राहतात.

आडवाटेचा
जाता जाता, शेरफिग ही डॉग्मा सिनेमा करणारी पहिली स्त्री दिग्दर्शक. पुढे तिने इंग्रजीत 'ॲन एज्युकेशन' केला, २००९ मध्ये, त्याला ऑस्करची तीन नामांकनं मिळाली. तिथे पैसा होता, दिवे होते, जुन्या काळचे कपडे होते, आणि तरी चेहऱ्याजवळ थांबायची सवय तीच राहिली.

अबोली
आडवाटेचा, याचाच अर्थ ती सवय नियमांमुळे आलेली नव्हती, तिची स्वतःचीच होती.

कॅमेरावाला
किंवा नियमांनी ती पक्की केली. पैसे कमी असले की दिग्दर्शकाला ठरवावं लागतं, कशावाचून आपलं अजिबात चालणार नाही. शेरफिगने ठरवलं, नटांवाचून. मराठीत कमी खर्चात सिनेमा करू पाहणाऱ्या मुलांना मी नेहमी हा दाखवतो. ड्रोन भाड्याने घेण्याआधी तालमींना पंधरा दिवस द्या, एवढंच सांगतो.

वाचनवेडी
पारिजातक यांच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. श्रेयाबद्दलचा राग कायम ठेवून सांगते, हो, भिडला. तिन्ही जोड्यांत कुणीही दुसऱ्याला सुधारायला जात नाही. हालफिनचं तोंड शेवटपर्यंत फाटकंच राहतं, ओलिंपियाच्या हातून वस्तू पडतच राहणार, यॉर्गन एका रात्रीत धीट होत नाही. आहे त्या माणसाशेजारी दुसरं माणूस येऊन बसतं. वाढीव मार्क द्यायची मला तरी गरज भासली नाही.

तिखटमीठ
दहापैकी सात. एक मार्क बहिणींसाठी कापला, दोन कॅमेऱ्यासाठी.

सातारकर
बिंचीची कादंबरी पुण्यात कुणाकडे असेल तर सांगा, बायकोला वाचायची आहे.

वाचनवेडी
@सातारकर, माझ्याकडे आहे. व्यक्तिगत निरोप करा, रविवारी डेक्कनला देते.